अर्धी शीळ

“हे सगळे आजारी आहेत का, असं विचारतोय तो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पक्षीघरात जमलेल्या मंडळींना हसू फुटलं.

हसण्यासारखंच होतं ते. परवाच प्रत्येक पक्ष्याचं वजन झालं होतं, रक्त तपासलं होतं, चोची, नखं, पिसं, सगळं डोळ्यांत तेल घालून बघून झालं होतं. परदेशच्या रानात सोडायचे पक्षी म्हणजे सासरी पाठवायच्या लेकी, असं बागेतल्या प्राण्यांचं जेवण करणारे भटारीमामा म्हणायचे. कुणाला नाव ठेवायला जागा राहता कामा नये. आणि हा पाहुणा, ज्या रानात ते जाणार त्याच रानाचा राखणदार, दोन विमानं बदलून आलेला, अजून चहाचा घोटही न घेतलेला, पिंजऱ्यासमोर पाच-दहा मिनिटं उभा राहतो काय आणि असं विचारतो काय.

वहिनी सगळ्यांच्या मागे अळ्यांची परात घेऊन उभी होती. तिला हसू आलं नाही. पाहुण्याचा चेहरा तिला दिसत होता. सकाळी आल्या आल्या हाच माणूस पायातले बूट दाखवून सांगत होता की हे तुमच्या बागेचे. इथल्या तिकिटांतून थोडे पैसे बाजूला पडतात आणि त्यातून तिकडच्या राखणदारांना बूट, रेनकोट, दुर्बिणी जातात, हे वहिनीला तेव्हाच कळलं होतं आणि बरं वाटलं होतं. तो आनंदी चेहरा आता पार उतरला होता.

तो त्याच्या भाषेत सावकाश बोलत गेला आणि डॉक्टरीणबाई ते सांगत गेल्या. सोनगळ्याचा, म्हणजे या पक्ष्यांचा, नर सकाळी गातो तेव्हा शीळ आधी वर चढते, वर जाऊन जरा थरथरते आणि मग लांबवर उतरत जाते. हे सगळे वर चढतात आणि थांबतात. तिकडे रानात छाती धरलेला नर असा गातो. सुरुवात तर करतो, पण दम पुरत नाही. मादी क्षणभर ऐकते आणि उडून जाते. अशा नराजवळ ती बसत नाही.

पाहुण्याने आणखी एक प्रश्न विचारला. तो डॉक्टरीणबाईंनी कुणाला सांगितला नाही, पण सांगायची गरजही नव्हती. यांना हे गाणं शिकवलं कुणी, असंच त्याने विचारलं असणार. जमलेल्यांच्या नजरा एकदा वहिनीकडे गेल्या आणि घाईघाईने दुसरीकडे वळल्या.

वहिनी ही खरं म्हणजे कुणाचीच वहिनी नव्हती. तिच्या नवऱ्याला सगळी प्राणिबाग दादा म्हणायची, म्हणून ही वहिनी. दादा पक्षीघराचे राखणदार. उभा जन्म त्यांनी दाणे, पाणी आणि विष्ठा यांत काढला आणि त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. वर्षातून एकदा मागच्या तळ्यात वाढवलेली कासवं टोपल्यांत घालून इथल्याच नदीत सोडायला जायचे, तो त्यांचा सण. बाकी वर्षभर पक्षी. बोलणं बेताचं, पण शीळ मात्र तोंडात कायमची. बागेत आलेले पहिले सोनगळे रानातून पकडून आणलेले होते. त्यांतल्या नराचं गाणं ऐकून ऐकून दादांनी ते उचललं आणि माणसाच्या ओठांना जमेल तसं वाजवायला लागले. पिंजरा झाडताना तीच शीळ, भांडी घासताना तीच शीळ. पिल्लांच्या खोलीत शीळ घालू नये, असा नियम पुढे आला. तोवर एका पिल्लाने ती शिकूनही घेतली होती.

ते पिल्लू म्हणजे थोरला. रानातला म्हातारा नर तो अंड्यात असतानाच मेला होता. आईने अंडं सोडलं, तेव्हा दादांनी ते पेटीत उबवलं आणि पिल्लाला चिमट्याने भरवून वाढवलं. नर पिल्लं पहिल्या वर्षात जे ऐकतात तेच जन्मभर गातात. थोरल्याने बापाच्या जागी दादांना ऐकलं. पुढे दादा गेले. पण थोरला गातच राहिला आणि दुसऱ्या बागांतून आलेल्या अंड्यांतून यंदा निघालेल्या सगळ्या पिल्लांनी त्याचं ऐकून घेतलं. मूठभर तपकिरी जीव, अंड्याच्या बलकासारखा पिवळा गळा, आणि गळ्यातून येणारी शीळ दादांची.

दादा गेल्यावर बागेने वहिनीला भटारखान्यात काम दिलं. भटारखाना हे मामांनी ठेवलेलं नाव. पाटीवर आहार-विभाग असं लिहिलेलं होतं. तिथे सकाळपासून अंडी उकडायची, फळं चिरायची, पाला निवडायचा. मामा तिथले मुख्य. माकडांची संत्री सोलताना ते रोज म्हणायचे की बायकोने मला आजवर कधी सोलून दिलं नाही.

पहिल्याच दिवशी वहिनी चिरलेल्या पपईचं ताट घेऊन पक्षीघरावरून चालली होती. आतून शीळ आली. अगदी तीच. ओठांवरून वारा निसटतानाचा सूंऽऽ असा बारीक आवाज सुरुवातीला, तोसुद्धा तोच. तिच्या हातातलं ताट खाली पडलं. मामा धावत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, घाबरू नका. थोरला आहे तो. आधी सांगायला हवं होतं मी.”

ती घाबरली नव्हती. पपई गोळा करता करता तिच्या तोंडून एवढंच निघालं, “आले हं.”

घरी ती असंच म्हणायची. तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं घर. दादा कामावरून आले की खाली जिन्याच्या तोंडाशी शीळ सुरू व्हायची आणि ही ओट्यापासून ओरडायची, आले हं. कडी काढायची. एवढ्या वर्षांत दाराची घंटा त्यांनी कधी वाजवली नव्हती.

तेव्हापासून पक्षीघराची फेरी तिने स्वतःकडे घेतली. रजेच्या दिवशीसुद्धा यायची. दारं उघडायच्या आधी, बागेत कुणी नसताना, ताट घेऊन पिंजऱ्याबाहेर उभी राहायची आणि वाट बघायची. कधी शीळ यायची, कधी नाही. आली की ती आले हं म्हणायची, आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून. वेड लागलंय आपल्याला, हे तिला कळत होतं. पण ते वेड होतं म्हणून बाकीचा दिवस शहाण्यासारखा जात होता.

लेकीला हे पसंत नव्हतं. लेक लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आई रजेच्या दिवशी नातीकडे यायचं सोडून पिंजऱ्यापुढे उभी राहते, याचा तिला राग येई. शेवटी ती एकदा स्वतः बागेत आली, फोनवर थोरल्याची शीळ भरून घेतली आणि आईच्या फोनवर पाठवली. आता हवं तेव्हा घरी बसून ऐक, म्हणाली. वहिनीने दोन-चार दिवस ऐकलीही. पण फोनमधली शीळ बोट लावलं की यायची. जिवंत माणूस असा येत नाही. त्याची वाट बघावी लागते, कधी उशीर होतो, कधी तो येतच नाही आणि जीव खालीवर होतो. फोन तिने उशाखाली ठेवून दिला आणि सकाळी परत पक्षीघराची वाट धरली.

पाहुणा येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई भटारखान्यात आल्या. एरवी त्या मामांना ओरडायला यायच्या. आज स्टूल ओढून वहिनीजवळ बसल्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. त्या रानात सोनगळे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. चार देशांतल्या बागा मिळून पिल्लं वाढवतायत, ती या नाही तर पुढच्या वर्षी तिकडे सोडायची. पण ही पिल्लं अशी गेली तर रानातल्या माद्या त्यांना जवळ करणार नाहीत. नुसतेच गात बसतील आणि गात गात संपतील. यंदाच्या पिल्लांचं वर्ष अजून भरलेलं नाही, ती अजून शिकू शकतील. पाहुण्याने रानातलं खरं गाणं भरून आणलंय. तेच सतत लावायचं, दुसरं काही त्यांच्या कानावर पडू द्यायचं नाही.

“आणि थोरला?” वहिनीने विचारलं.

“त्याचं शिकायचं वय गेलं. त्याला तिथून हलवावं लागेल, वहिनी.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्या मागची खोली रिकामी आहे. तिथे ठेवू या का? तुमच्याजवळ राहील.”

वहिनीला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने मान खाली घालून सुरी धुवायला घेतली. कोंबड्या पाळणारी बाई परक्याचं अंडं पदराखाली घेऊन निघावी तसं तिला वाटत होतं. थोरला आता तिचा. दिवसभर, कामाच्या जागी, भिंतीपलीकडे.

त्याच आठवड्यात पक्षीघरात कर्णे बसले. पिल्लांच्या फेरीला वहिनी गेली तेव्हा पाहुण्याने आणलेलं गाणं चालू होतं. रानाची खरखर, दूरवर पाणी, आणि मग शीळ. वर चढली. वहिनीने नेहमीच्या जागी कान टवकारले, इथे थांबणार. शीळ थांबली नाही. वर थरथरली आणि मग उतरत गेली, लांब, सावकाश, जिना उतरल्यासारखी, संपते संपते म्हणताना आणखी थोडी.

हे वहिनीने ऐकलेलं होतं. रानात नव्हे, स्वतःच्या घरात. लग्नानंतरच्या कितीतरी वर्षांत दादांची शीळ अशीच होती, खालच्या दारापासून वरच्या कडीपर्यंत येणारी. मग ती अर्धी कधी झाली? ती आठवायला गेली आणि तिला आठवेना. ज्या माणसाच्या पायातला काटा आपल्याला कळायचा असं ती चारचौघांत सांगायची, त्याची शीळ घरातल्या घरात निम्मी झाली आणि हिला पत्ता लागला नाही.

रविवारी लेक आली. नात दुसऱ्या खोलीत खेळत होती. वहिनीने भाजी निवडता निवडता विचारल्यासारखं विचारलं, “बाबा जिन्यात शीळ घालायचे, ती आठवते का गं तुला?”

“आठवते की. खाली शीळ आली की मी पसारा आवरायला लागायचे. दार उघडेपर्यंत चालायची ती.”

“आणि नंतर?”

“नंतर ते दुसऱ्या मजल्यावर थांबायचे ना. तूच चिडवायचीस, शिंपीणबाईंशी रोज काय एवढं बोलायचं असतं म्हणून.”

वहिनी चिडवायची, खरंच. जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून ओरडायची, अहो, आमच्या वाटणीच्या चार गप्पा शिल्लक ठेवा. खालून दादांचं हसू यायचं. आलो, आलो, म्हणायचे. वर आले की कपाळावर घाम असायचा आणि ही म्हणायची, बघा, कसे पकडले गेलात. ते नुसते हसायचे. शिंपीणबाई साठीच्या होत्या आणि त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती थट्टा घरात फार चालायची.

लेकीने निवडायला भाजीची जुडी जवळ ओढली. मग म्हणाली, “मी एकदा बघितलं होतं, आई. कॉलेजातून येताना. शिंपीणबाईंचं दार बंद होतं. बाबा कुणाशी बोलत नव्हते. कठडा धरून उभे होते. मला म्हणाले, तू हो पुढे, मी आलोच.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं? दमलेत, एवढंच तर वाटलं. आणि ते वर आले तर तू चिडवत होतीस, ते हसत होते. सगळं नेहमीसारखंच होतं.”

थोरला त्यानंतरच्या उन्हाळ्यात अंड्यातून निघाला होता. दादांनी घरी छातीचं सांगितलं ते त्याच्याही नंतर दुसऱ्या हिवाळ्यात, अगदी अंथरूण धरायची वेळ आली तेव्हा. म्हणजे जे बायकोपासून लपवलं ते पक्ष्यापुढे रोज उघडं होतं. त्याला वाटलं असेल, माणसं अशीच गातात; गाणं एवढंच असतं. त्याने सूर घेतला, वाऱ्याचा निसटता आवाज घेतला, आणि जिथे दादांचा श्वास संपायचा ती जागाही जशीच्या तशी घेतली. पुढच्यांनी ती त्याच्याकडून घेतली. वहिनी तीन वर्षं ज्या आवाजाला आले हं म्हणत होती तो दादांच्या आनंदाचा आवाज नव्हताच. तो जिन्यात अडकलेल्या माणसाचा आवाज होता.

मागच्या खोलीत थोरला आता एकटा होता. पहिले काही दिवस तो गायलाच नाही. दांडीवर पिसं फुलवून बसायचा आणि दाराकडे बघायचा. दाणा टिपायचा तोही उपकार केल्यासारखा. वहिनीने त्याला मऊ अळ्या निवडून दिल्या, पाण्याचं ताट उन्हात ठेवलं, त्याच्याशी बोलली. काही नाही. त्या गप्प बसण्याने तिला जेवण जाईना. मग एका सकाळी तिने खोलीची वरची खिडकी उघडली. पलीकडून, अंगणाच्या पार, पक्षीघरातल्या पिल्लांचा कालवा ऐकू आला. थोरल्याने मान वर केली. गळा फुगला. सूंऽऽ करून वारा निसटला, शीळ वर चढली आणि थांबली.

आता वहिनीला ती थांबलेली जागा स्पष्ट ऐकू येत होती. त्या जागी कठडा होता, आणि कठड्यावर हात होता. ऐकवत नव्हतं तरी ऐकल्यावाचून राहवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा खिडकी उघडली. तिसऱ्या दिवशीही उघडली. मामांनी एकदा म्हणून बघितलं की वहिनी, थंडी येते हो त्यातून. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

डॉक्टरीणबाई काही दिवसांनी आल्या त्या कपाळाला आठ्या घालून. पिल्लं शिकत होती, चांगली शिकत होती. दोघं तर जवळजवळ पूर्ण गायला लागले होते. आणि आता परत मध्येच तोडतायत. कर्णे ठीक आहेत, कुणी शीळ घालत नाही. काय होतंय तेच कळत नाही, असं त्या मामांना सांगत होत्या. मामा संत्र्याकडे बघत राहिले. ते बोलले नसते, हे वहिनीला माहीत होतं. त्यांना मरेपर्यंत कुणी विचारलं असतं तरी ते बोलले नसते.

“खिडकी मी उघडते,” वहिनी म्हणाली. “सकाळची. त्याने गावं म्हणून.”

डॉक्टरीणबाईंना राग आला. तो त्यांनी गिळला, पण गिळताना दिसला. “वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“होतं.”

मामांनी गॅस बारीक केला. वहिनीने हातातली सुरी पाटावर ठेवली, हात पुसले आणि मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. थोरला दांडीवर बसून तिच्याकडे बघत होता. तिच्या मनासमोर ते रान आलं, तिने कधी न बघितलेलं. ओली झाडं, पाण्याचा आवाज, आणि फांदीवर बसलेला यांतलाच एखादा पोरगा पक्षी. तो दादांच्या आवाजात हाक मारतोय. अर्ध्यावर थांबतोय. पुन्हा मारतोय. सगळ्या रानाला ती हाक ऐकू जातेय आणि कुणी दार उघडत नाही. तिला ते सहन होईना. एका माणसाच्या वाट्याला आलं तेवढं बस झालं, पोरांच्या वाट्याला कशाला?

“खिडकी बंद ठेवली तरी मला भरवसा नाही माझा,” ती वळून म्हणाली. “त्याला कुठेतरी लांब पाठवा, डॉक्टरबाई.”

लांबची जागा मिळायला फार वेळ लागला नाही. त्या चार बागांपैकी एकीत एक सोनगळी मादी एकटी होती, वय झालेली, पिंजऱ्यातच जन्मलेली. ती रानात जायची नव्हती, माणसांनी बघावी म्हणून ठेवलेली होती. तिने जन्मात कुणाही नराचं गाणं ऐकलेलं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अर्धं की पूर्ण, तिला काय कळणार. हे त्यांनी वहिनीला बरं वाटावं म्हणून सांगितलं. वहिनीला बरं वाटलंही आणि लागलंही, कारण अशी एक मादी तिच्या चांगल्या ओळखीची होती.

पुढचं सांगून टाकलेलं बरं. ती पिल्लं शिकली. वर्ष भरायच्या आत सगळेच्या सगळे शेवटपर्यंत गायला लागले आणि पुढच्या हंगामात पाहुण्याच्या रानात गेले. तिथून पाहुण्याने गाणं भरून पाठवलं, त्यांतल्या एकाचं, शेजारी मादी बसलेली असताना. डॉक्टरीणबाईंनी वहिनीला मुद्दाम आपल्या खोलीत बोलावून ते ऐकवलं. शीळ वर चढली, थरथरली, लांबवर उतरत गेली. वहिनीने शेवटपर्यंत ऐकलं, छान झालं म्हणाली, अगदी मनापासून म्हणाली, आणि पपया चिरायच्या राहिल्यात म्हणून परत आली. त्यात दादांचं काही उरलं नव्हतं. उरू नये यासाठीच तर सगळं केलं होतं. भटारखान्यात आल्यावर ती मागच्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसली. मामांनी तिच्या वाटणीच्या पपया चिरून ठेवल्या.

पण ते नंतरचं. थोरला गेला त्या सकाळी थंडी होती. विमानतळावर जायची गाडी मागच्या फाटकाशी उभी होती. पक्ष्याला पेटीत घालायचं काम वहिनीने कुणाला करू दिलं नाही. त्याला धरलं तेव्हा तो धडपडला नाही. तिच्या मुठीत त्याची छाती भरभर वरखाली होत होती. तिने पेटीत भिजवलेल्या अळ्या ठेवल्या, पेटीच्या तिन्ही बाजूंना कापड गुंडाळलं आणि वारा जायला एक बाजू मोकळी ठेवली. डॉक्टरीणबाईंनी कागद दिले. मामा ड्रायव्हरला दम भरत होते की खड्डे चुकव, आत तुझ्यापेक्षा महागाचं माणूस आहे.

वहिनीने पेटी मागच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, तो ओढून बघितला. तीन वर्षं जे म्हणत आली ते आज म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण कुणी येत नव्हतं, जात होतं. ड्रायव्हरने गाडी चालू केली.

तेवढ्यात कापडाआडून आवाज आला. सूंऽऽ करून वारा निसटला. शीळ वर चढली, चढली आणि थांबली.

“गातोय की राव,” ड्रायव्हर खुशीत म्हणाला आणि त्याने गिअरवर हात ठेवला. “निघू ना, वहिनी?”

वहिनीचा हात दारावर होता. तो तिने काढला नाही.

“जरा थांबा,” ती म्हणाली. “दम घेऊ दे त्यांना.”

ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि गाडी बंद केली.